आत्याबाईंचे नाक आणि शेपूट

३ नोव्हेंबर, सोमवार

व्याही पडले नाहीत. पडला तो कप. चिरंजीवांनी नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप गटावर 'सासरे स्वयंपाकघरात पडले, आता बरे आहेत' असे जे कळविले आहे, त्या एका ओळीत तीन चुका आहेत. घटना स्वयंपाकघरात नव्हे, गॅलरीत घडली. व्याही उभेच होते. उजव्या हातातील कप सुटला, आणि तो उचलावा असा हुकूम त्यांनी हाताला दिला असता हाताने तो मानला नाही. तिसरी चूक म्हणजे ते 'बरे' नाहीत. डॉक्टरांच्या मते तो पक्षाघाताचा सौम्य झटका होता. वाचा आणि पाय शाबूत आहेत; उजवा हात मात्र रजेवर गेल्यासारखा आहे. मी ही दुरुस्ती गटावर पाठविली. उत्तरादाखल अनेकांकडून हात जोडल्याची चित्रे आली. वाक्य एकाचेही नाही.

आज रात्रीच्या जेवणाच्या वेळी सूनबाईने (ती व्याह्यांची एकुलती एक कन्या) परिस्थिती मांडली. तीस तारखेला फिजिओथेरपिस्ट बाई व्याह्यांची परीक्षा घेणार आहेत. विषय तीन: शर्टाची बटणे लावणे, कुलपात किल्ली फिरविणे, जगमधून पेल्यात पाणी ओतणे. तोवर रात्रीपुरता त्यांच्या सोबतीला माणूस ठेवला आहे. उत्तीर्ण झाल्यास व्याही आपल्या घरी एकटे राहू शकतील. अनुत्तीर्ण झाल्यास ते आमच्याकडे येतील. 'आमच्याकडे' म्हणजे माझ्या खोलीत, कारण दुसरी खाट मावेल अशी खोली ती एकच.

व्याह्यांविषयी माझ्या मनात आकस नाही. ते सद्गृहस्थ आहेत. परंतु विमानदलात जेट इंजिनांच्या शेजारी उमेदीची वर्षे घालविल्यामुळे ते रेडिओ समोरच्या इमारतीला ऐकू जाईल असा लावतात. ते शिट्टी वाजवितात. ते 'मी आलो होतो' असे न म्हणता 'मी आल्तो' म्हणतात. मी चाळीस वर्षे छापखान्यात मुद्रिते तपासली; सौभाग्यवती गेल्यापासून ही खोली आणि तीमधील उंचीप्रमाणे लावलेले शब्दकोश एवढेच माझे राज्य आहे. तेव्हा व्याह्यांचा हात लवकर बरा व्हावा अशी माझी अंतःकरणापासून इच्छा आहे.

५ नोव्हेंबर, बुधवार

सूनबाईबरोबर व्याह्यांकडे गेलो. तिसरा मजला, लिफ्ट नाही. फिजिओथेरपिस्ट बाईंनी त्यांना दाबण्यासाठी पिवळ्या मातीचा एक गोळा दिला आहे. तो खिडकीत पडून होता आणि वाळला होता.

"बाबा, दाबा ना जरा."

"या हातानं जेटची इंजिनं उघडलीत मी. आणि आता मातीचे गोळे? बालवाडीत घाल की मग मला."

"मग काय करू? इंजिन आणून देऊ?"

"आण!"

सूनबाई म्हणाली, "इंजिन नाही, पण विमान आणते. छोटं. प्लॅस्टिकचं, एकेक भाग चिकटवून जोडायचं. मॉडेलचं किट मिळतं बाजारात."

व्याह्यांनी खिडकीतील गोळ्याकडे पाठ फिरविली. मग म्हणाले, "आत्याबाई मिळेल?"

येथे खुलासा आवश्यक आहे. ज्या लढाऊ जेट विमानाची व्याह्यांनी आयुष्यभर सेवा केली, त्याला त्यांच्या तुकडीत कोणीही अधिकृत नावाने ओळखत नसे. ते विमान येताना आरडाओरडा करी, आल्यावर सगळ्यांना कामाला लावी आणि जाताना रागावून जाई, म्हणून 'आत्याबाई'.

"मिळेल," सूनबाई म्हणाली.

"पण बरोबर हवी हां. चुकीची आत्याबाई मी हातात धरणार नाही. सांगून ठेवतो."

तेव्हा तिने माझ्याकडे पाहिले. "अप्पा, तुम्ही निवडा ना. चुका काढायचं काम तुमच्याइतकं कुणाला जमतं?"

ही प्रशंसा हेतुपुरस्सर होती. तथापि वस्तुस्थितीला धरून होती. मी होकार दिला.

८ नोव्हेंबर, शनिवार

दुकान एका गल्लीत, जिन्याखाली आहे. दुकानदार कृश असून त्याच्या बोटांना निरनिराळ्या रंगांचे डाग आहेत. त्याने खोकी पुढ्यात ठेवली.

"नातवासाठी का, आजोबा?"

"व्याह्यांसाठी."

"वय?"

"पंचाहत्तर."

"मग यावर लिहिलंय ना, चौदा वर्षांपुढील. चालेल."

आत्याबाईंची एकूण चार खोकी निघाली, चार निरनिराळ्या उत्पादकांची. पहिले विमान जोडल्यावर वीतभर होते; त्यातील वैमानिक मसुरीच्या डाळीएवढा असून त्याला दोन हात निराळे चिकटवावे लागतात. ते मी बाजूला केले. शेवटचे हातभर लांब, दोन आसनांचे, आणि खोके एवढे मोठे की ते घेऊन बसमध्ये चढता येणार नाही. मधली दोन्ही दीड वीत लांबीची. परंतु एकाचे नाक निमुळते आणि शेपटीचा उभा पंखा आखूड, तर दुसऱ्याचे नाक जाड आणि पंखा उंच. दुकानदार म्हणतो की निमुळत्या नाकाची आधीची आवृत्ती आहे आणि जाड नाकाची नंतरची. आवृत्ती हा शब्द ऐकून मला बरे वाटले. येथे विषय माझ्या कक्षेत आला.

जोडणीची पुस्तिका उघडून पाहिली. चोवीस पृष्ठे आणि त्यांत एकही शब्द नाही. केवळ चित्रे, बाण आणि अंक. आयुष्यात प्रथमच मला असा मजकूर मिळाला की ज्यात शुद्धलेखनाची चूक असणे अशक्य आहे. कसेसेच वाटले.

"कुठलं देऊ?" दुकानदाराने विचारले.

मी म्हटले, "साक्ष घेतल्याशिवाय सांगता येणार नाही."

१० नोव्हेंबर, सोमवार

व्याह्यांची साक्ष घेतली. नाक निमुळते. पंखा आखूड. आसन एक. निःसंदिग्ध. मी उठणार तोच ते म्हणाले, "चहा घ्या की. टाकलाय." दोन कप आधीच मांडलेले होते. तासभर त्यांनी मला इंजिन उतरविण्याची पद्धत सांगितली. मी विचारले नव्हते.

११ नोव्हेंबर, मंगळवार

सकाळी व्याह्यांचा दूरध्वनी. "व्याहीबुवा, रात्री आठवलं. नाक जाड होतं. तुम्ही या, सविस्तर सांगतो."

तिसरा मजला पुन्हा चढलो. नाक जाड, पंखा उंच. मी कालची साक्ष वाचून दाखविली. "असं म्हणालो का मी?" असे म्हणून त्यांनी बिस्किटांचा डबा पुढे केला. जाडी दाखविण्यासाठी त्यांनी दोन्ही हात पसरले होते. उजवा डाव्याहून जरा खाली राहिला.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

आता आसने दोन.

"व्याही, सोमवारी आपण एकच आसन होते असे निक्षून सांगितलेत."

"सोमवारची आत्याबाई वेगळी. माझ्या हातून काय एक गेली का? तुम्ही दमलात काय? बसा, पंखा लावतो."

साक्षीदार अविश्वसनीय आहे. वयोमानाने स्मरणशक्ती क्षीण झाली असावी. मात्र इंजिनातील प्रत्येक झडपेचे नाव त्यांना पाठ आहे, हे विलक्षण. येण्याजाण्यात माझे तीन दिवस खर्ची पडले. निघताना त्यांनी विचारले, "उद्या येताय ना? चाकांबद्दल राहिलंच सांगायचं."

१५ नोव्हेंबर, शनिवार

साक्षीदार फिरला की मूळ प्रत गाठावी, हा आमच्या धंद्यातील पहिला नियम. लेखक काय म्हणतो याला महत्त्व नाही. हस्तलिखितात काय आहे याला आहे. काल अंघोळ करताना मला एकाएकी आठवले की पाण्याच्या टाकीजवळच्या चौकात एक निवृत्त आत्याबाई सिमेंटच्या चबुतऱ्यावर कित्येक वर्षे उभी आहे. मी तिच्याखालून असंख्य वेळा गेलो असेन. मान वर केली नव्हती, एवढेच.

व्याह्यांना सांगितले नाही. साक्षीदाराला पुरावा आधी दाखविल्यास तो साक्ष त्याबरहुकूम बदलतो.

दुर्बीण, वही आणि छत्री घेऊन पोहोचलो. चबुतऱ्यावर चढणे वयास शोभण्याजोगे नसल्याने रस्त्याच्या मधोमध उभा राहून, छत्री डोळ्यांसमोर आडवी धरून, प्रमाण काढीत होतो. एका मोटारीने भोंगा वाजविला. नंतर पुष्कळांनी वाजविला. वाहतूक पोलीस आला.

"आजोबा, काय चाललंय?"

"मूळ प्रत तपासतो आहे."

"कशाची?"

मी छत्रीने वर दाखविले. त्याने वर पाहिले. बहुधा त्यानेही कधी पाहिले नसावे.

"च्यायला, हे खरं विमान आहे होय?" तो म्हणाला. "मला वाटायचं, टाकीचाच भाग आहे."

त्याने मला हाताला धरून कडेला आणले, पण दहा मिनिटे वाहतूक दुसऱ्या बाजूने वळवून मला शेपटीकडची मापे घेऊ दिली. शिष्टाचाराचा मनुष्य. त्याच्या शिट्टीत मात्र ठेका नाही.

निष्कर्ष धक्कादायक आहे. आसन एक, ते असो. पण चौकातील आत्याबाईंचे नाक जाड आणि पंखा आखूड आहे. चार खोक्यांपैकी एकही मूळ प्रतीशी जुळत नाही! याचा अर्थ एकच: जगातील चार निरनिराळ्या उत्पादकांनी, एकमेकांचे पाहून लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांप्रमाणे, एकच चूक केली आहे.

त्यांना पाठवावयाच्या पत्राचा मसुदा केला. भाषा सौम्य ठेवली आहे. 'अक्षम्य' हा शब्द एकदाच वापरला.

१६ नोव्हेंबर, रविवार

दीड वीतवाली दोन्ही खोकी घेतली.

"दोन्ही?" दुकानदार म्हणाला. "एक व्याह्यांना, एक तुम्हाला?"

"नाही. एकाचे नाक, दुसऱ्याची शेपूट."

त्याने दोन्ही खोक्यांवरील चित्रे माझ्यापुढे धरली. "आजोबा, असं विमान नसतं."

"आहे. चौकात आहे. डोळे उघडून पाहावे."

तेव्हा त्याने आणखी वाद न घालता गोंदाची बाटली, चिमटा आणि घासकागद पिशवीत टाकले. वाद हरल्याचे मान्य करण्याची ही पद्धत मला आवडली.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

आज जे घडले ते घडल्या क्रमाने लिहितो.

मी दोन्ही खोकी व्याह्यांच्या मेजावर ठेवून निर्णय सांगितला: पुढचा भाग यातून, मागचा भाग यातून.

त्यांचा चेहरा बदलला. "कुठून काढलंत हे?"

"मूळ प्रतीवरून."

"कसली मूळ प्रत?"

"टाकीजवळच्या चौकातील. मी स्वतः मोजली. जाड नाक, आखूड पंखा."

व्याह्यांनी दोन्ही खोकी आळीपाळीने पाहिली. नंतर त्यांच्या घशातून शिट्टीसारखा काहीतरी आवाज निघाला. मला वाटले दुसरा झटका आला. मी पाणी आणण्यास उठलो. ते हसत होते. असे हसत होते की डोळ्यांतून पाणी आले, ठसका लागला, आणि त्यांनी दोनदा मेजावर थाप मारली.

"व्याहीबुवा," ते कसेबसे म्हणाले, "ती आत्याबाई मी जोडलीय!"

ती हकीकत अशी. त्यांच्या निवृत्तीपूर्वी चौकासाठी एक विमान द्यावे असा वरून आदेश आला. धडधाकट विमान कोण देणार? तेव्हा भंगारात पडलेल्या दोघींना एकत्र आणण्यात आले. एकीची शेपूट धावपट्टीवर घासून गेली होती, दुसरीचे नाकच राहिले नव्हते. व्याह्यांनी आणि त्यांच्या माणसांनी नवीचे पुढचे धड जुनीच्या मागच्या धडाला लावले, सांध्यावर पत्रा ठोकला आणि वरून रंग फासला.

"मोठमोठे साहेब आले उद्घाटनाला. सलाम ठोकून गेले. भाषणं झाली. एकाच्याही लक्षात आलं नाही. इतकी वर्षं झाली, कुणाच्या बापाला कळलं नाही! आणि तुम्ही एक छत्री घेऊन गेलात..." ते पुन्हा हसू लागले. "पकडलंत की हो मला! काय माणूस आहात!"

वस्तुतः मी काही पकडले नव्हते. जगातील चार उत्पादक चुकले आहेत असा माझा निष्कर्ष होता, आणि त्यांना पाठवावयाचे पत्र माझ्या खिशात होते. परंतु ते एवढे आनंदात असताना या तपशिलात शिरणे मला प्रशस्त वाटले नाही.

हसू ओसरल्यावर ते खोक्यांवरून बोट फिरवीत म्हणाले, "खरं सांगू? बाकीच्या सगळ्या मी नुसत्या दुरुस्त केल्या. उडवल्या दुसऱ्यांनी, बनवल्या दुसऱ्यांनी. पहिल्यापासून शेवटपर्यंत मी जोडली ती हीच एक. आणि ती कधी उडलीच नाही."

मी पुस्तिका उघडून पहिले चित्र त्यांच्यापुढे ठेवले.

घरी येऊन सूनबाईला सांगितले की व्याह्यांनी हसताना मेजावर थाप मारली ती उजव्या हाताने. ती आत निघून गेली. तिला बहुधा भाजी लागल्याचा वास आला असावा.

पत्र पाठविलेले नाही.

२० नोव्हेंबर, गुरुवार

काम सुरू झाले. सर्व भाग एका प्लॅस्टिकच्या चौकटीला चिकटलेले असतात, जणू ओळीत बसविलेले छपाईचे खिळे. ते कात्रीने सोडवावयाचे, काठ घासावयाचे, मग गोंद. श्रमविभागणी अशी ठरली: मी पाहणार आणि बोलणार, व्याही करणार.

त्यांचा उजवा हात चिमटा धरतो. पण चिमटा थरथरतो, आणि भाग टुणकन उडून खाली पडतो. आजचा बराचसा वेळ मी फरशीवर, दिवाणाखाली, बॅटरी घेऊन घालविला.

"सापडलं का?"

"चाक सापडले. त्याचा दांडा सापडला नाही."

"चाकाशिवाय दांड्याला अर्थ नाही."

"आपण वाक्य उलटे बोललात. दांडा हरवला आहे."

"तेच ते!"

तेच ते नव्हे. पण मी दिवाणाखाली होतो.

२२ नोव्हेंबर, शनिवार

माझा अंगठा डाव्या पंखाला चिकटला. मी केवळ दिशा दाखवीत होतो. व्याह्यांनी कोमट पाण्यात बुडवून, पातळ पाते सरकवीत, तो अत्यंत हळुवारपणे सोडविला. अर्धा तास लागला असेल. त्यांना एकदाही कंप सुटला नाही. बहुधा मी ओरडत असल्यामुळे त्यांचे लक्ष विचलित झाले असावे.

पंखावर माझ्या अंगठ्याचा ठसा उमटला आहे. तो घासून काढावा असे मी सुचविले. व्याही म्हणाले, "राहू द्या. चौकातल्या आत्याबाईवर माझे किती असतील."

२५ नोव्हेंबर, मंगळवार

नाक आणि शेपूट यांचा सांधा जुळेना. मध्ये नखभर फट. मी फूटपट्टीने मोजून दुरुस्तीचे तीन पर्याय लिहून दिले. व्याह्यांनी ते वाचले नाहीत. त्यांनी बिस्किटांच्या खोक्याचा पुठ्ठा कातरून फटीत बसविला, वर गोंद, वर घासकागद.

"हे नियमबाह्य आहे," मी म्हटले.

"तिथं पत्रा ठोकला, इथं पुठ्ठा. पद्धत तीच आहे, व्याहीबुवा. मूळ प्रतीबरहुकूम."

मी माझ्या तीन पर्यायांचा कागद घडी करून खिशात घातला. अशी वेळ माझ्यावर क्वचित येते.

याशिवाय, त्यांच्या गॅलरीतून वारा येतो आणि ओल्या रंगावर धूळ बसते. उजेडही अपुरा. माझ्या मेजावर मुद्रितांसाठी घेतलेला दिवा आहे, त्याखाली स्वल्पविरामाची शेपूटसुद्धा दिसते. सबब आत्याबाईंना मी रिक्षाने, मांडीवर घेऊन, माझ्या खोलीत आणले. व्याही उद्यापासून येथे येतील. ही केवळ प्रकाशयोजनेची बाब आहे.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

व्याही सकाळी येतात; दिवेलागणीला चिरंजीव त्यांना घरी सोडून येतात. आज रेडिओ घेऊन आले. मी आवाज कमी केला. त्यांनी वाढविला. शेवटी ज्या ठिकाणी आवाज स्थिरावला, ते कोणालाच मान्य नसलेले ठिकाण होते.

एक शोध लागला. संचात पाण्यात भिजवून चिकटवावयाची चित्रे आहेत, आणि त्यांत अक्षरे आहेत! मुंगीच्या पायाएवढी. भिंगातून पाहिले असता पंखावर 'येथे पाय देऊ नये' या अर्थाची सूचना आढळली. ती अनेक जागी आहे आणि एका जागी एक अक्षर गळाले आहे. मी ते व्याह्यांना दाखविले. माझा आनंद पाहून त्यांनाही आनंद झाला.

"झालं समाधान?"

"चोवीस पृष्ठे वाट पाहिली," मी म्हटले.

३० नोव्हेंबर, रविवार

परीक्षेचा दिवस. स्थळ: आमची बैठकीची खोली. उपस्थित: फिजिओथेरपिस्ट बाई, सूनबाई, चिरंजीव, मी.

व्याह्यांनी शर्टाची बटणे लावली, सगळी. कुलपात किल्ली फिरविली. जगमधून पाणी ओतले. एक थेंब सांडला असेल. बाईंनी टाळ्या वाजविल्या. "वा, काका! तुम्ही बिनधास्त आपल्या घरी एकटे राहू शकता."

चिरंजीवांनीही टाळ्या वाजविल्या. सूनबाईने वडिलांकडे पाहिले. व्याही मात्र बटणांकडे पाहत बसले होते. "हो," ते म्हणाले. "राहीन की. काय हरकत आहे."

मला अर्थातच अत्यानंद झाला. माझी खोली माझीच राहणार होती. परंतु कोणत्याही मजकुरावर 'छापण्यास हरकत नाही' असा शेरा मारण्यापूर्वी एकदा पुन्हा पाहावे, ही सवय हाडीमाशी खिळली आहे. तेव्हा मी उभा राहून आक्षेप नोंदविले. शर्ट जुना होता, आणि त्याची काजी धुऊन धुऊन सैल झालेली. त्यांत बटण आपण होऊन जाते. कुलूप त्यांच्याच दाराचे, हाताला ओळखीचे. जग अर्धाच भरलेला. अशा परीक्षेला परीक्षा म्हणता येत नाही.

"अप्पा!" चिरंजीव म्हणाले. "अहो, पास झालेत ते."

"पास कशात झाले, हा माझा प्रश्न आहे."

मी आत जाऊन माझा नवा, खळ घातलेला, घडी न मोडलेला शर्ट आणला. व्याह्यांनी शर्टाकडे पाहिले. नंतर माझ्याकडे पाहिले. मी काज्यांकडे पाहत होतो.

पहिले बटण: जमले नाही. दुसरे: निसटले. तिसऱ्याला त्यांनी हातच लावला नाही.

"नाही बुवा जमत," ते म्हणाले, आणि आश्चर्य असे की त्यांचा स्वर जवळजवळ उल्हसित होता. अपयश इतक्या धीराने घेणारा मनुष्य मी पाहिला नाही.

"पण काका, आत्ता तर तुम्ही..." बाई म्हणाल्या.

सूनबाईने भिंतीकडे तोंड फिरविले. तिचे खांदे हलत होते. बिचारीला रडू आवरेना. जरा वेळाने, आवाज सावरून, ती म्हणाली, "बाई, अप्पा म्हणतात तर तसंच असेल. चुका काढण्यात त्यांचा हात कुणी धरणार नाही. बाबा राहू देत इथेच."

"कुठे?" चिरंजीवांनी विचारले.

"माझ्या खोलीत," मी म्हटले. "दुसरीकडे खाट मावत नाही. हे आधीच ठरलेले आहे."

सायंकाळी आम्ही सूचनेची उरलेली चित्रे लावली. व्याह्यांनी उजव्या हाताने, चिमट्यात धरून, मुंगीच्या पायाएवढी अक्षरे पंखाच्या काठाला समांतर अशी एका दमात टेकविली. मी भिंगातून तपासले. रेषाभरही तिरपी नाहीत. शर्टाचे बटण न लागणाऱ्या हाताने हे कसे साधले, याचा उलगडा मला झालेला नाही. शर्टाला खळ जास्त झाली असावी.

२ डिसेंबर, मंगळवार

खाट आली. शब्दकोश उत्तरेच्या भिंतीवरून दक्षिणेच्या भिंतीवर हलवावे लागले, आणि तेथे फळी बुटकी असल्याने दोन खंड आडवे ठेवावे लागले. व्याही म्हणाले, "झोपलेत बिचारे." मी सकाळपासून दोनदा त्यांना उभे करण्याचा यत्न केला.

ते घोरतात. ही माहिती मला कोणीही आगाऊ दिली नव्हती.

७ डिसेंबर, रविवार

आत्याबाई पूर्ण झाल्या. माझ्या मेजावर उभ्या आहेत, त्यामुळे मेजावर दुसरे काही ठेवता येत नाही. चिरंजीवांनी छायाचित्र काढून गटावर टाकले आणि खाली सर्व हकीकत लिहिली. हकीकत वाचनीय आहे. कर्ता, कर्म आणि क्रियापद बहुधा एकमेकांना भेटतात. तारखांच्या बाबतीत मात्र त्यांनी संपूर्ण स्वैराचार केला आहे. व्याह्यांचे म्हणणे, "जाऊ द्या हो, कोण वाचतंय?" मी वाचतो. तेव्हा येथे नोंद करून ठेवतो.

कप सुटला तो दिवस: चिरंजीव लिहितात, एक नोव्हेंबर. नव्हे. २७ ऑक्टोबर, सोमवार.

मॉडेलची कल्पना निघाली तो दिवस: ५ नोव्हेंबर. ती चिरंजीवांची कल्पना नव्हती. ते त्या दिवशी कार्यालयात होते.

चौकात मला 'पोलिसांनी पकडले' तो दिवस: १५ नोव्हेंबर, शनिवार, शुक्रवार नव्हे. आणि पकडले नाही. हाताला धरले.

व्याही प्रथम हसले तो दिवस: चिरंजीवांनी ही तारीख दिलेलीच नाही. १८ नोव्हेंबर.

माझा अंगठा चिकटला तो दिवस: २२ नोव्हेंबर. हे गटाला कळविण्याचे कारण नव्हते.

परीक्षा: ३० नोव्हेंबर. 'सासरे नापास झाले' असे लिहिले आहे. 'सासऱ्यांची फेरपरीक्षा घेण्यात आली' असे हवे.

खाट आली: २ डिसेंबर.

व्याही आपल्या घरी परत जाणार तो दिवस: चिरंजीव लिहितात, 'लवकरच'. 'लवकरच' ही तारीख नव्हे. मूळ प्रतीत मजकूर नसेल तेथे मुद्रितशोधकाने पदरचे घालू नये. व्याह्यांना विचारले असता त्यांनी रेडिओचा आवाज वाढविला. जागा कोरी ठेवली आहे.